पुण्यातला महिना आणि जर्मनीतला महिना: खर्चाची तुलना नक्की करायची कशी

माझ्या मावसबहिणीच्या मुलाला जर्मनीची ऑफर आली, स्टुटगार्टजवळ, वर्षाला 60 हजार युरो, आणि संध्याकाळपर्यंत वाकडच्या त्यांच्या अख्ख्या सोसायटीत "साठ लाखांचं पॅकेज" झालं होतं. युरो शंभराच्या आसपास आल्यापासून हा गुणाकार फारच सोपा झालाय, दोन शून्यं लावली की झालं, कॅल्क्युलेटरपण लागत नाही. भाचा मात्र शहाणा, रात्री त्याने मला फोन केला, "मावशी, तू चार वर्षं राहून आलीयेस, खरं सांग, परवडेल का?" मी म्हटलं आधी तुझा पुण्यातला महिन्याचा खर्च सांग. म्हणाला, असेल सत्तर-ऐंशी हजार. नंतर बसून काढला तर निघाला एक लाख पस्तीस हजार.

म्हणजे तिथला खर्च माहीत नसणं हा प्रॉब्लेम नंतरचा, आधी आपल्याला इथलाच माहीत नसतो. आम्ही 2019 ला गेलो तेव्हा आमचंही हेच झालं होतं, आणि 2023 ला परत येताना उलट्या बाजूने परत तेच, त्यामुळे आता कुणी विचारलं की मी ठरलेल्या पद्धतीने बसवते. तीच इथे लिहून ठेवतेय. आकडे स्टुटगार्ट आणि पुण्याचे आहेत पण पद्धत दुबई-टोरांटो कुठेही चालेल.

पहिलं काम, बँकेतून मागच्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवा. एक महिना घेऊ नका, बाराच. कारण जूनमध्ये शाळेची फी असते, गणपती-दिवाळीत खर्च वेगळाच असतो, मेडिक्लेम आणि गाडीचा इन्शुरन्स वर्षातून एकदा येतो, लग्नसराईत आहेर. एप्रिलचा महिना बघितला तर तुम्ही फार काटकसरी आहात असं वाटेल आणि नोव्हेंबर बघितला तर आपण राजघराण्यातले आहोत असं. वर्षाची बेरीज करा, बाराने भागा. आता यूपीआयमुळे वडापावचे वीस रुपयेसुद्धा स्टेटमेंटमध्ये सापडतात, त्यामुळे आमच्या वेळेपेक्षा हे खूप सोपं झालंय. फक्त जे कॅशमध्ये जातं ते आठवून लिहायचं, बाईंचा पगार, कोपऱ्यावरचा भाजीवाला, इस्त्रीवाला, वॉचमनची दिवाळी.

मग गट पाडा. घर, खाणं, प्रवास, तब्येत, मुलं, आईवडील-गाव, सण-कपडे-सहली. आणि एक गट वेगळा ठेवा ज्याला मी "माणसं" म्हणते: पोळ्यावाल्या बाई, धुणंभांडी, इस्त्री, गाडी पुसणारा, कचरा नेणारा, सोसायटीचा जिना झाडणारा (त्याचे पैसे मेंटेनन्समधून जातात पण जातात), महिन्यातून एकदा नळ-पंखा बघायला येणारा. भाच्याच्या घरात या गटाचे आठ हजार निघाले आणि तो म्हणाला हे तर काहीच नाही. बरोबर आहे, काहीच नाही. हेच लक्षात ठेवा, पुढे हाच गट सगळा हिशोब उलटवतो.

आता पगार. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात कारण दोन्हीकडचे आकडे एकाच अर्थाचे नसतात. आपल्याकडचं सीटीसी म्हणजे कंपनीला तुम्ही किती पडता तो आकडा, त्यात कंपनीचा पीएफचा वाटा असतो, ग्रॅच्युइटी असते, मिळेल-न-मिळेल असा व्हेरिएबल असतो, कधीकधी तर कॅन्टीनची कुपनंपण घातलेली असतात. जर्मनीत ऑफर लेटरवर असतो तो ब्रुटो पगार, म्हणजे टॅक्स आणि विमे कापायच्या आधीचा, आणि त्यात कंपनीचा पेन्शन-आरोग्य विम्याचा वाटा धरलेला नसतो, तो कंपनी वरून भरते. त्यामुळे 24 लाख सीटीसी शेजारी 60 हजार ब्रुटो लिहून तुलना करणं म्हणजे किलोची लिटरशी तुलना. दोन्हीकडचं फक्त हातात पडणारं घ्या, महिन्याचं.

इकडे भाच्याच्या 24 लाखांतले व्हेरिएबल, पीएफ, टॅक्स आणि आपला दोनशे रुपयांचा प्रोफेशनल टॅक्स जाऊन दीड लाखाच्या आसपास येतात. तिकडे 60 हजार म्हणजे महिन्याला 5,000 ब्रुटो, त्यातून पेन्शनला 9.3 टक्के, बेरोजगारी विम्याला 1.3 टक्के, आरोग्य विम्याला साडेआठ टक्क्यांच्या आसपास (7.3 ठरलेले, वर तुमच्या विमा कंपनीचा जादा आकार, त्याचा अर्धा), मग केअर विमा (म्हातारपणी-आजारपणी सांभाळायला माणूस लागला तर त्याचा), आणि या सगळ्यानंतर इन्कम टॅक्स. एकटा माणूस असेल तर श्टॉयरक्लासं एक, म्हणजे टॅक्सचा वर्ग, त्यात 3,100 ते 3,200 युरो हातात येतात. बायको बरोबर आहे आणि ती कमवत नाही तर वर्ग तीन घेता येतो आणि तेच साडेतीन हजारांच्या थोडं वर जातं. ऑनलाइन "ब्रुटो नेटो रेशनर" शोधा, ढीगभर कॅल्क्युलेटर आहेत, वर्ग, मुलं आणि राज्य टाकलं की काही युरोंच्या फरकाने उत्तर येतं. तर साठ लाखांचे झाले साधारण बेचाळीस, आणि अजून आपण घरभाडंसुद्धा दिलेलं नाही.

आता एक्सेलमध्ये तीन कॉलम करा. पहिल्यात पुण्यातला खर्च. दुसऱ्यात तेच सगळं जसंच्या तसं तिथे करायचं म्हटलं तर किती पडेल, म्हणजे तीच पोळ्यावाली, तीच इस्त्री, तेवढीच टॅक्सी. तिसऱ्यात तुम्ही तिथे गेल्यावर खरं काय कराल. दुसरा आणि तिसरा कॉलम यांच्यात जो फरक पडतो ते पैसे वाचत नाहीत, ते तुमच्या अंगावर येतात, त्यामुळे त्या ओळीसमोर आठवड्याचे किती तास जातील तेपण लिहा.

उदाहरण देते. दूध तिथे लिटरला एक युरोच्या आसपास, म्हणजे शंभर रुपये, आपल्याकडे म्हशीचं सत्तरच्या पुढे गेलंय. दीडपटसुद्धा नाही. पास्ता, चीज, बटर, चॉकलेट, वाईन, हे तर कधीकधी इथल्यापेक्षा स्वस्त. लॅपटॉप, वॉशिंग मशीन साधारण तेवढंच. आता पुरुषाचा हेअरकट, इथे दीडशे रुपये, तिथे 25 ते 30 युरो, म्हणजे जवळजवळ वीसपट. शर्टाची इस्त्री इथे आठ-दहा रुपये, तिथे दोन-तीन युरो, पंचवीस-तीसपट. जे मशीनमधून किंवा शेतातून मोठ्या प्रमाणात येतं ते दोन्हीकडे जवळपास, आणि जिथे माणसाचा हात लागतो तिथे आकाश फाटतं. म्हणून "जर्मनी पुण्यापेक्षा किती पट महाग" हा प्रश्नच चुकीचा आहे, तुम्ही हेअरकट जास्त विकत घेता की दूध यावर उत्तर अवलंबून.

स्टुटगार्टच्या भागात तर केअरवोखं नावाचा प्रकार आहे. मजल्यावरच्या घरांना आळीपाळीने आठवडा वाटून दिलेला असतो, तुमची पाळी आली की शेजारी दाराच्या हँडलला एक छोटी पाटी अडकवून जातो, आणि त्या आठवड्यात जिना झाडणं-पुसणं तुमचं, हिवाळ्यात फुटपाथवरचा बर्फ काढणंही तुमचंच. पहिल्यांदा पाटी लागली तेव्हा मला वाटलं कसलीतरी नोटीस आलीय, मी घाबरून भाषांतर करत बसले. नंतर आमचा सत्तरीचा शेजारी स्वतः बादली घेऊन येऊन दाखवून गेला की कोपरे कसे पुसायचे. तर "माणसं" गटाचे आठ हजार तिथे तिसऱ्या कॉलममध्ये शून्य होतात, आणि तासांच्या रकान्यात आठवड्याला दहा-बारा तास लागतात. पोळ्या, भांडी, इस्त्री, जिना, स्वतःच जोडलेलं कपाट. ते तास कुणाचे जाणार हे नवरा-बायकोने निघायच्या आधी ठरवलेलं बरं, मी अनुभवाने सांगतेय.

वेबसाइट्सबद्दल थोडं. नंबिओवर दोन शहरं टाकली की लगेच उत्तर मिळतं, पण तिथले भाव तुमच्या-माझ्यासारखे लोक भरतात आणि इंडेक्स न्यूयॉर्कला शंभर धरून काढतात. एकेका वस्तूचा भाव बघायला छान, पण वरचं एकच एक टक्क्याचं उत्तर सोडून द्या, त्यांच्या यादीत पोळ्यावाल्या बाई नाहीत. मर्सर कंपनीचा महागड्या शहरांचा सर्व्हे पेपरात येतो ना दरवर्षी, तो कंपन्यांनी पाठवलेल्या लोकांचे भत्ते ठरवायला असतो, आपल्या पैशाने जाणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. आणि पीपीपी, म्हणजे त्या-त्या देशातल्या किमती बघून काढलेला चलनाचा दर. वर्ल्ड बँकेच्या 2017 च्या तुलनेत डॉलर बाजारात 65.12 रुपयांना होता पण किमती बघता त्याची खरी ताकद 20.65 रुपयांची निघाली, म्हणजे तिसरा हिस्सा. आकडा खरा आहे, पण तो अख्ख्या भारताचा, त्यात गडचिरोली पण आली आणि बाणेर पण. बाणेरला 2 बीएचकेचं भाडं भरणाऱ्याने स्वतःला त्यात बसवू नये. "तीनने भागायचं" असं जे सगळे सांगतात ते इथूनच आलंय, ढोबळ अंदाजाला ठीक आहे, नोकरी सोडायच्या निर्णयाला नाही.

घर हा सगळ्यात मोठा आकडा म्हणून तिथे जरा थांबते. जाहिरातीत काल्टमीटं आणि वार्ममीटं असे दोन भाव असतात. काल्ट म्हणजे नुसतं भाडं, वार्म म्हणजे हिटिंग, पाणी, कचरा, बिल्डिंगचा खर्च धरून. हिशोबात कायम वार्म घ्या. वीज आणि इंटरनेट त्याच्याही बाहेर, आणि शेगडी बहुतेक विजेची असते म्हणजे सिलिंडर नाही पण ते बिलात दिसतं. शिवाय घरामागे दर महिन्याला 18.36 युरो रुंडफुंकबाइट्राग, म्हणजे सरकारी टीव्ही-रेडिओची वर्गणी, टीव्ही असो नसो. तीन खोल्यांचं घर लिहिलं असेल तर तो आपला 2 बीएचके, हॉल धरून खोल्या मोजतात, स्वयंपाकघर मोजत नाहीत.

आणि स्वयंपाकघर खरंच मोजत नाहीत! आम्ही चावी घेऊन घरात शिरलो तर किचनमध्ये भिंतीतून बाहेर आलेला एक पाइप, दोन वायरी आणि टाइल्स. ओटा नाही, सिंक नाही, काही नाही. छतालाही सगळीकडे दिव्यांच्या जागी नुसत्या वायरी लोंबत होत्या. मला वाटलं काम अर्धवट राहिलंय. नाही, तिथे अशीच पद्धत आहे, आधीचा भाडेकरू आपलं किचन उखडून घेऊन जातो. सोळा दिवस आम्ही एका हॉटप्लेटवर आणि बाथरूममधल्या बेसिनवर भांडी घासून काढले, आणि शेवटी सेकंडहँड किचन बसवून घ्यायला 1,900 युरो गेले. आमच्या कुठल्याच कॉलममध्ये ही ओळ नव्हती. तेव्हा जाहिरातीत "आइनबाउक्यूशं" हा शब्द शोधा, म्हणजे किचन बसवलेलं आहे, भाडं थोडं जास्त असलं तरी घ्या.

डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्ट भाडं असतं आणि ते तीन हप्त्यांत देता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि पहिल्याच महिन्यात सगळं देऊन हात मोकळे करून बसतात.

दुसरा झटका वर्षाने बसतो. वार्म भाड्यातला हिटिंगचा भाग हा फक्त अंदाज असतो, खरं मीटर वर्षातून एकदा मोजतात. आम्ही पहिल्या हिवाळ्यात पुण्याच्या माणसाने काढावा तसा हिवाळा काढला, सगळे हिटर पाचवर आणि घरात हाफ पँट. पुढच्या वर्षी पत्र आलं, 640 युरो अजून भरा. नवरा दोन दिवस त्या पत्राशी बोलत नव्हता. म्हणून वार्म भाड्यावर महिन्याला चाळीस-पन्नास युरो बाजूला टाकत जा, आले परत तर आले.

खाण्यात वाईट काही नाही. डिस्काउंट दुकानांत भाजी-दूध-ब्रेड-अंडी भरपूर आणि परवडणारं. इंडियन स्टोअरमधून आटा, तूरडाळ, पोहे महिन्यातून एकदा, ते महाग पण अगदी झेपतं. मात्र मेथी-गवार-शेवग्याच्या शेंगा अशी भाजी रोज हवी असेल तर मग नाही परवडणार, तिथे ब्रोकोली आणि कोबी खायला शिका. खरी कात्री लागते ती बाहेर खाण्याला. भाच्याच्या स्टेटमेंटमध्ये आठवड्यातून चार वेळा ऑनलाइन जेवण होतं, ते तिथे महिन्यातून तीनदा होईल. रविवारी दुकानं बंद, शनिवारी संध्याकाळी कोथिंबीर विसरलात तर सोमवारपर्यंत विसरा. बाटल्यांवर 25 सेंट जास्तीचे घेतात आणि मशीनमध्ये बाटली टाकली की परत देतात, पहिल्या आठवड्यात आम्ही सगळ्या कचऱ्यात टाकल्या.

तब्येत आणि मुलं या दोन ओळी जर्मनीच्या बाजूने झुकतात. सरकारी योजनेतला आरोग्य विमा असेल तर न कमावणारी बायको आणि मुलं त्याच हप्त्यात, जादा पैसे नाहीत. डॉक्टरकडे गेलं की खिशात हात घालायचा नाही, प्रिस्क्रिप्शनवरच्या दर औषधामागे 5 ते 10 युरो, अठराखालच्या मुलांना तेही नाही. (अपॉइंटमेंट मिळायला कधीकधी दीड महिना, ती किंमत कुठल्या कॉलममध्ये लिहायची मला कळलेलं नाही. इथे कर्वे रोडवर संध्याकाळी सात वाजता डोळ्यांचा डॉक्टर मिळतो.) सरकारी शाळेला फी नाही. मुलामागे किंडरगेल्ड मिळतं, 2026 पासून महिन्याला 259 युरो. पाळणाघर-बालवाडी म्हणजे किटा, याचं मात्र शहरागणिक वेगळं, बर्लिनमध्ये फी नाही, फक्त जेवणाचे 23 युरो, आणि स्टुटगार्टच्या बाजूला फी चांगलीच लागते. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागा मिळणं हा 2013 पासून कायद्याने हक्क आहे, पण हक्क असणं आणि जागा असणं यात अंतर असतं, आमच्या शेजारणीने नऊ महिने वाट बघितली.

प्रवासाचं सोपं, डॉइचलांड-तिकीट आता महिन्याला 63 युरो, देशभरात कुठेही बस, ट्रॅम, मेट्रो, लोकल ट्रेन. 2023 ला सुरू झालं तेव्हा 49 होतं. फास्ट गाड्या त्यात नाहीत. ॲक्टिव्हा, पेट्रोल, पंक्चर, पार्किंगवरून भांडण, सगळं बंद. गाडी घ्यायचीच असेल तर आपलं लायसन्स सहा महिनेच चालतं, मग परत परीक्षा, आणि शिकवणी धरून हजार-दोन हजार युरो सहज.

आता ते खर्च जे तुम्ही विमानात बसलात तरी पुण्यातच राहतात. हे विसरणारे सगळ्यात जास्त. आईवडिलांना देता ते, त्यांचा मेडिक्लेम, एसआयपी-एलआयसीचे हप्ते, फ्लॅट असेल तर त्याचा हप्ता. फ्लॅट भाड्याने दिलात तर सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते, महाराष्ट्रात तो सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, सेक्रेटरी काहीही सांगोत. आणि तुम्ही एनआरआय झालात की भाडेकरूला तुमच्या भाड्यातून 31.2 टक्के टीडीएस कापायला लागतो, नंतर रिटर्न भरून जास्तीचा कापलेला परत मिळतो पण तोपर्यंत ईएमआयला तेवढा खड्डा. बँकेचं खातं एनआरओ (एनआरआयचं इथल्या रुपयांचं खातं) करून घ्यायचं तेपण आलं. शिवाय वर्षातून एक पुण्याची फेरी, तीन तिकिटं, आणि येताना सगळ्यांना चॉकलेटं. तिकिटाचे पैसे बाराने भागून महिन्यात धरा, "सुट्टीचा खर्च" म्हणून बाहेर ठेवू नका, कारण ती सुट्टी नसते, तुम्ही जाणारच.

एवढं सगळं भरून झाल्यावर भाच्याच्या बायकोने शीट उघडलं आणि एकच विचारलं, "यात माझ्या पगाराची ओळ कुठाय?"

नव्हती. तिला इथे हातात साठ हजार मिळतात. आम्ही सगळे एवढे त्याच्या ऑफरमध्ये गुंतलेलो की पुण्याच्या बाजूलाही फक्त त्याचाच पगार लिहिला होता, आणि मी स्वतः असल्या चुकीची शिकार होऊनही मला दिसलं नाही याची लाज वाटली. मी गेले तेव्हा माझी नोकरी सुटली आणि दुसरी मिळायला बावीस महिने लागले. कायद्याची अडचण नव्हती, ब्लू कार्डवाल्याच्या (म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळतो तो परवाना) जोडीदाराला काम करायची पूर्ण मुभा असते, अडलं ते भाषेवर आणि मुलाच्या किटावर. म्हणून नियम, दोन पगारांची तुलना एका पगाराशी, असंच लिहायचं. जोडीदाराची नोकरी पहिली दोन वर्षं शून्य धरा. आधी मिळाली तर पेढे वाटा.

तर शेवटी आकडे असे आले. पुण्यात दोघांचे मिळून 2 लाख 10 हजार, खर्च 1 लाख 35 हजार, उरतात 75 हजार. स्टुटगार्टच्या बाहेरच्या गावात वर्ग तीनचा पगार अधिक त्यांच्या एका मुलाचं किंडरगेल्ड, मिळून साधारण 3,800 युरो. वार्म भाडं 1,350, वीज 90, फोन-इंटरनेट 60, टीव्हीची वर्गणी 18, किराणा-भाजी 600, किटा 250, दोन पास 126, बाहेर खाणं 150, कपडे-किरकोळ 200, पुण्याची तिकिटं महिन्याला 200, लायबिलिटी विमा (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर) 6, आणि पुण्याला पाठवायचे आईबाबांचे व मेडिक्लेमचे 190. बेरीज 3,240. उरले 560 युरो. छप्पन हजार रुपये.

म्हणजे साठ लाखांच्या पॅकेजवर तो इथल्यापेक्षा कमी वाचवणार होता. माझ्या बहिणीला हे सांगितल्यावर ती म्हणाली तुझं एक्सेल बिघडलंय.

पण थांबा, शिल्लक नुसती छप्पन विरुद्ध पंच्याहत्तर अशी बघायची नाही, ती शिल्लक खर्च कुठे होणार ते विचारा. चार-पाच वर्षांनी परत येऊन पुण्यात घर घ्यायचं असेल तर उरलेल्या युरोला शंभरने गुणणं बरोबर आहे, फक्त उरलेल्याला. तिथेच राहायचं असेल तर शंभर विसरून जा, 560 युरोत तिथे काय येतं ते बघा, दोन महिन्यांच्या शिलकीत एक बरा सोफा. बायकोला नोकरी लागली, अगदी अर्धवेळ, हातात हजार युरो धरले तरी चित्र एकदम पालटतं, मग पुणं मागे पडतं. आणि इथली पगारवाढ जास्त, नोकरी बदलली की उडी बसते, तिकडे वर्षाला दोन-तीन टक्के मिळाले की लोक खूश, उलट रुपया हळूहळू खालीच जातो (आम्ही गेलो तेव्हा युरो ऐंशीच्या आत होता). हे सगळं शीटमध्ये बसवत बसलात तर वेडे व्हाल, दोन ओळी खाली लिहून ठेवा, पुरे.

एकदाचा खर्च वेगळ्या पानावर. डिपॉझिट, किचन, दिवे, पलंग, गाद्या, थंडीचे कोट-बूट, व्हिसा, कागदपत्रांची भाषांतरं, पहिला पगार हातात येईपर्यंतचा दीड महिना. तिघांच्या कुटुंबाला मी आठ ते दहा हजार युरो धरायला सांगते. हे पान घेऊनच कंपनीशी बोला. भाच्याने पगार वाढवून मागायच्या ऐवजी रीलोकेशनचे पैसे, पहिले तीन महिने फर्निश्ड घर आणि बायकोच्या जर्मन क्लासची फी असं मागितलं, पहिलं आणि शेवटचं मिळालं, घर दीड महिन्याचं मिळालं. ती आता मॅक्सम्युलर भवनला सकाळच्या बॅचला जाते, तीन महिन्यांनी निघणार, तो पुढे गेलाय.

पहिल्या तीन महिन्यांचे आकडे तुलनेला धरू नका, सगळी खरेदीच असते. चौथ्या महिन्यापासून तेच शीट परत भरा, इथे बसून लिहिलेल्या तिसऱ्या कॉलमशेजारी खरा चौथा कॉलम. भाच्याला तेवढा धीर नाही, त्याने पहिल्याच महिन्यात भरून मला पाठवलंय. वीज 70, माझा अंदाज चुकला. किराणा 310, एकट्याला, तोपण चुकला, म्हटलं चीज कमी कर. हेअरकटसमोर शून्य, आणि शेजारी तासांच्या रकान्यात "दीड, रूममेटने कापले, टोपी 12 युरो".